मंत्रिमहोदय, पोरांना दुसरा सामना द्या

मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

शालेय फुटबॉल स्पर्धेचा हिशेब साधा आहे. ३२ शाळांचे संघ उतरले आणि स्पर्धा बाद पद्धतीची असली की पहिल्या फेरीतच १६ संघ घरी जातात. त्या पोरांचा वर्षाचा शालेय फुटबॉल तासाभरात आटोपतो. राखीव म्हणून बाकावर बसलेल्यांचा तर सुरूच होत नाही. दुसऱ्या फेरीत आणखी ८ संघ जातात. म्हणजे ३२ पैकी २४ संघांच्या वाट्याला अख्ख्या वर्षात एक, नाहीतर फार तर दोन सामने. जून उजाडल्यापासून घरात बुटांसाठी हट्ट चाललेला असतो आणि ते बूट नीट मळायच्या आत स्पर्धा संपते.

हे कोल्हापूरचं सांगतोय. इथं विश्वचषक आला की गल्लीबोळांत ब्राझील-अर्जेंटिनाचे फलक लागतात. मोठ्यांचे तालीम संघ, म्हणजे पेठापेठांतल्या तालमींचे फुटबॉल संघ, शाहू स्टेडियमवर दरवर्षी कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची केएसए लीग खेळतात. लीग म्हणजे साखळी, म्हणजे आज हरलं तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा मैदान. मोठ्यांना साखळी आणि बारा वर्षांच्या पोरांना बाद पद्धत, हा उलटा न्याय कुणी लावला हे मला अजून उमगलेलं नाही.

मी शालेय सामन्यांना पंच म्हणून उभा राहतो. प्रशिक्षक नाही, संघटनेचा पदाधिकारी नाही, त्यामुळे कुणाची बाजू घ्यायचं कारण नाही. मधल्या वर्तुळात उभं राहिलं की दोन्ही बाजू दिसतात, तेवढ्यावर हे पत्र लिहितोय.

एकच सामना मिळणार हे ठाऊक असलं की सगळ्यांचं डोकं फिरतं. १४ वर्षांखालच्या गटात मिसरूड फुटलेला गडी उतरतो, त्याचा जन्मदाखला मात्र चोख असतो. कडेला उभे असलेले सर 'पास दे' म्हणायचं सोडून 'पाड त्याला' म्हणतात. एका गोलची आघाडी मिळाली की सहावीतलं पोर घोटा धरून गवतावर लोळतं, टीव्हीवर बघून शिकलेलं. त्याच्या बापाला ते कौतुकाचं वाटतं, तो मोबाइलवर चित्रण करत असतो. सामना संपला की हरलेला संघ हस्तांदोलन न करता तडक बसथांब्याकडे निघतो. मी हाक मारून थांबवतो, तेव्हा पोरं येतात, पण नजर वर उचलत नाहीत. मला त्यांचा राग येत नाही. सगळं एका दुपारवर टांगलं तर मोठी माणसंही असंच वागतील.

यात प्रमाणपत्राचा मोठा वाटा आहे. दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे गुण आहेत, पुढं शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. ते रद्द करा असं मी म्हणत नाही, गरिबाच्या घरातला खेळाडू त्यावरच उभा राहतो. पण राज्यात खोट्या क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं गाजली ती उगीच नाही. खेळणं कमी आणि त्याचा कागद महाग झाला की हेच होणार. आपलं खातं खेळाडू मोजतं ते जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी. पहिल्याच पायरीवरून परत गेलेली पोरं कुठल्याच रकान्यात दिसत नाहीत.

खिलाडूवृत्तीवर शाळाशाळांतून भाषणं होतात, २९ ऑगस्टला, राष्ट्रीय क्रीडा दिनी, तर हमखास. माझं म्हणणं असं की ती भाषणानं येत नाही, पुढच्या सामन्यानं येते. कोल्हापूरला हे कळायला बाहेर जायची गरज नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेलं खासबाग मैदान शहराच्या मधोमध आहे. लाल मातीत काय चालतं बघा. वस्ताद आधी जोड बघतो. वजन, ताकद, तयारी, सगळं तोलून तुल्यबळ पोरं एकमेकांसमोर सोडतो. दोघं मातीची चिमूट घेऊन सलामी देतात आणि मग भिडतात. एक चितपट होतो. पण जत्रांचा हंगाम लांब असतो. या गावच्या मैदानात पाठ लागली तर चार दिवसांनी दुसऱ्या गावची यात्रा आहेच. म्हणून हरलेलं पोर अंगाची माती झटकून, जिंकणाऱ्याच्या हातात हात देऊन बाहेर येऊ शकतं. त्याचं सगळं संपलेलं नसतं. मातीतही वाद होतात, पंचांवर आरडाओरडा होतो, नाही असं नाही. तरी पोराला हरायची सवय लागते आणि हरून उठायचीही.

खाशाबा जाधवांचंच घ्या. १९४८ ला लंडन ऑलिम्पिकमध्ये ते सहावे आले. गादीवरची कुस्ती त्यांना नवी होती. तिथंच त्यांचं पान मिटलं असतं तर हेलसिंकी घडलंच नसतं. १९५२ ला हेलसिंकी ऑलिम्पिकला जायची वेळ आली तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले आणि खाशाबांनी स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक आणलं. खर्डेकरांनी पैसे लावले ते लंडनला पदक न मिळालेल्या पैलवानावर. आज शासन खाशाबांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतं. या गोष्टीतलं पदक आपण उचललं आणि सहावा नंबर विसरलो.

नेमबाज तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत, जलतरणपटू वीरधवल खाडे, कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसाळे, अशी नावं या जिल्ह्यानं दिली. त्यांच्यासारख्यांसाठी क्रीडा प्रबोधिनी आहेत, योजना आहेत. त्या वाढवाच. मी उरलेल्या पोरांबद्दल बोलतोय, जी कधी कुठल्या संघात निवडली जाणार नाहीत पण ज्यांना खेळायचंय.

तर मागणी अशी. शहर आणि तालुका पातळीवर १४ वर्षांखालच्या गटाची स्पर्धा साखळी पद्धतीनं घ्या. चार-चार संघांचे गट केले की प्रत्येक संघाला किमान तीन सामने मिळतात. ३२ संघांचे आठ गट, गटाचे सहा सामने, म्हणजे ४८. पुढं गटविजेत्यांची बाद फेरी, तिचे ७. एकूण ५५ झाले. आज बाद पद्धतीत ३१ होतात. वाढले २४. सात-सात जणांचा फुटबॉल अर्ध्या मैदानावर खेळवला तर एका वेळी दोन सामने चालतात, म्हणजे दिवसही फारसे वाढत नाहीत. कबड्डी, खो-खोला तर याहून कमी जागा लागते. संघात नाव असलेल्या प्रत्येक मुलाला किमान अर्धा सामना खेळवायचा, हा नियम लेखी हवा. नाहीतर बाक तिथंच राहणार.

गुण समान झाले तर वर्तनावर निकाल लावा. हे काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही. २०१८ च्या विश्वचषकात जपान आणि सेनेगलचे गुण सारखे, गोलफरक सारखा, केलेले गोलही सारखे आणि आपसातला सामना बरोबरीत सुटलेला. जपानची पिवळी कार्डं ४, सेनेगलची ६. जपान पुढं गेला. सेनेगलवर अन्याय झाला असं म्हणणारे कोल्हापुरात आजही भेटतील, माझाही जीव थोडा हळहळला होता. पण शाळेच्या पोरांसाठी यापेक्षा चांगला नियम मला सुचत नाही. पाडापाडी केली तर तक्त्यात खाली जाल, एवढं कळलं की कडेच्या सरांचा आवाजही आपोआप उतरेल.

वेळापत्रकही बदला. आमच्याकडं या स्पर्धा ऐन पावसाळ्यात उरकल्या जातात. गांधी मैदान म्हणजे जुनं वरुणतीर्थ, तळं बुजवून झालेलं. पाऊस लागला की पाणी आपली जुनी जागा शोधत तिथंच येऊन बसतं. शाहू स्टेडियमच्या जागीही एकेकाळी रावणेश्वराचं तळं होतं. असल्या चिखलात चेंडू जागचा हलत नाही, मग पोरं चेंडूऐवजी पाय मारतात. दिवाळीनंतर सुरू करून १५ जानेवारीला अंतिम सामने घ्या. त्या दिवशी मंचावर सत्कार होतातच, मैदानावर पोरंही असू द्यात.

मुख्याध्यापक म्हणतील, वेळ कुठला? वेळापत्रकात खेळाचा तास आहे, तो गणिताला उसना जातो आणि परत येत नाही. शिक्षण हक्क कायद्यात खेळाचं मैदान आहे, सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असेल तर आरोग्य व शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक आहे. ते कागदावरून शाळेत आणणं शिक्षण खात्याचं काम, पण आपण शेजारच्याच दालनात बसता. आणि अभ्यास बुडेल म्हणणाऱ्या पालकांनी पोरांच्या डोळ्यांचाही विचार करावा: चीनमधल्या ग्वांगझौ शहरात काही प्राथमिक शाळांनी मुलांना रोज ४० मिनिटं जादा घराबाहेर काढलं. तीन वर्षांनी तिथल्या ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टी आली होती, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्क्यांना. पहिलीतच चष्मा लागलेली पोरं आता आमच्याही गल्लीत दिसतात.

एक आक्षेप मीच घेतो. मोठ्यांच्या फुटबॉलला साखळी आहे, तरी पेठापेठांची ईर्षा गॅलरीतून रस्त्यावर येते, पोलीस बंदोबस्त लावावा लागतो. मग साखळीनं काय साधलं? मला शंका अशी की गॅलरीत शिव्या घालणाऱ्यांतले फार थोडे शाळेत असताना तीन सामने सलग खेळले असतील. खात्री नाही. पण पोरांना खेळवून बघितल्याशिवाय ती होणारही नाही.

येत्या हंगामात फक्त कोल्हापूर शहरात, मुलं आणि मुली अशा दोन्ही गटांत, हा प्रयोग करायचा शासन निर्णय काढा. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना तेवढा आदेश पुरे. पंचांच्या मानधनावरून फाइल अडणार असेल तर गटसाखळीचे सामने आम्ही काही जण बिनमानधन घेऊ. मैदानावर पिण्याचं पाणी आणि मुलींना कपडे बदलायला दार लागणारी एक खोली, एवढं मात्र आपल्याकडून हवं. आज बऱ्याच ठिकाणी त्या एकमेकींना ओढणीचा आडोसा धरून कपडे बदलतात.

आपला,
शालेय फुटबॉलचा एक पंच
कोल्हापूर