मूस फॅक्टरीचं चर्च आणि आपल्या अक्षरांचे सोयरे

सप्रेम नमस्कार,

कॅनडातल्या ओंटारियो प्रांताच्या उत्तर भागात, मूस नदी जेम्स उपसागराला मिळते तिथे मूस फॅक्टरी नावाचं बेट आहे. बाहेरून तिथवर रस्ता जात नाही. कॉक्रनहून रेल्वेने मूसोनीला उतरायचं. पुढे उन्हाळ्यात होडी, हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून गाडी, आणि बर्फ फुटायच्या दिवसांत हेलिकॉप्टर. या बेटावर 1864 साली क्री या तिथल्या मूळ रहिवासी लोकांसाठी सेंट थॉमस चर्च बांधायला घेतलं. ते लाकडी, म्हणून फळ्यांच्या जमिनीला भोकं पाडून बुचं मारून ठेवलेली. वसंतात नदी चढली की बुचं काढायची आणि पाणी आत घ्यायचं, नाहीतर अख्खं चर्च तरंगत निघून जायचं! वेदीवरचं वस्त्र मूस हरणाच्या कातड्याचं, मण्यांच्या भरतकामाचं.

पण आमच्या वाचनालयाने हे आवाहन काढलंय ते तिथल्या प्रार्थनेच्या पुस्तकांसाठी.

ही पुस्तकं क्री लिपीत आहेत. एक टोकदार खूण घ्या. टोक वर केलं की ‘पि’, खाली केलं की ‘पे’, उजवीकडे ‘पो’, डावीकडे ‘प’. व्यंजनाचा आकार तोच; आपल्याकडे मात्रा लावली की स्वर बदलतो, तिथे आकार फिरवला की. शेवटचं व्यंजन आपण पाय मोडून लिहितो, ते तिथे बारीक खुणेने वर लिहितात. हे साम्य योगायोगाचं नसावं. जेम्स इव्हान्स या मेथडिस्ट मिशनऱ्याने 1840 साली आजच्या मॅनिटोबातल्या नॉर्वे हाउस या ठाण्यावर ही लिपी छापली, तेव्हा इंग्रजी लघुलिपीबरोबर देवनागरीही त्याच्या नजरेसमोर होती, असं अभ्यासक मानतात. क्री परंपरा मात्र सांगते की ही अक्षरं कॉलिंग बॅजर या पूर्वजाला आत्म्यांच्या लोकातून मिळाली. आम्हाला दोन्ही गोष्टी आदराने सांगायच्या आहेत.

मूस फॅक्टरीला जॉन होर्डन हा अँग्लिकन मिशनरी 1851 साली आला. क्री शिकला, भाषांतरं केली आणि छापायला लंडनला पाठवली. वर्षाने जहाज आलं, त्यात पुस्तकं नव्हती, छापखानाच होता! यंत्र जोडायचं कसं इथपासून त्याला शिकावं लागलं. 1872 साली तो मूसोनीचा पहिला बिशप झाला आणि 1893 साली बेटावरच वारला.

त्याच होर्डनचं नाव पुढे बेटावरच्या निवासी शाळेला दिलं गेलं. कॅनडातल्या अशा शाळांनी मूळ रहिवाशांच्या मुलांना आईबापांपासून तोडलं, मातृभाषा बोलल्याबद्दल शिक्षा केल्या. यातल्या बऱ्याच शाळा चालवणाऱ्या अँग्लिकन चर्चने त्याबद्दल 1993 साली माफी मागितली. मग आपण चर्चच्या कामाला मदत का करावी, यावर आमच्या बैठकीत बराच वाद झाला. आमचं मत असं पडलं की अक्षरं क्री लोकांची आहेत. भूर्जाच्या सालीवर लिहून त्यांनीच ती एकमेकांना शिकवली, मिशनरी पोचायच्या आधी गावोगाव नेली. शाळेने जीभ बांधली तरी आजीच्या हातातलं प्रार्थनेचं पुस्तक क्रीतच राहिलं.

म्हणून वाचनालयात देवनागरी आणि क्री अक्षरांचं शेजारी-शेजारी एक प्रदर्शन मांडायचं ठरवलंय. जमलेल्या निधीतला निम्मा त्यावर, निम्मा बेटावर. तिथे तो चर्चच्या लाकडाला लावायचा, जुन्या पुस्तकांना की मुलांच्या क्री वर्गाला, हे तिथल्या क्री मंडळींनी ठरवायचं. आपण त्यात बोलायचं नाही.

25 डॉलर द्या, 10 द्या, जमेल ते द्या. पैशांइतकीच गरज हातांची आहे. कुणाकडे छपाईचे देवनागरी शिशाचे खिळे (अक्षरांचे ठसे) पडून असतील तर कृपया भंगारात घालू नका, आम्हाला द्या. जुन्या कागदाची निगा जाणणारं कुणी असेल तर कळवा. आणि मुलांकडे राहायला आलेल्या आजोबांपैकी कुणी पुण्या-कोल्हापूरकडच्या छापखान्यात जुळारी म्हणून, म्हणजे खिळे जुळवायचं, काम केलं असेल, तर आम्हाला ते हवेच आहेत. क्री अक्षरं लाकडात कोरून घ्यायची आहेत, पण ती स्टिकमध्ये, म्हणजे खिळे जुळवायच्या पट्टीत, ओळीने कशी बसवायची हे आमच्यातल्या एकालाही येत नाही.

वाचनालय शनिवारी दुपारी 2 ते 5 उघडं असतं. देणगीची पावती तिथेच मिळेल. आजोबांना घरून आणायची आणि परत सोडायची सोय आम्ही करू.

आपले,
वाचनालयाचे कार्यकर्ते