पन्नाशीची वाट पाहू नका : खान्देशातल्या तरुण चित्रकारांसाठी खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

मी जळगाव जिल्ह्यात चित्रकला शिकवते. आपल्या खात्याकडून ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांना राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने महिना ५,००० रुपये मानधन मिळतं. वहीगायनासारख्या लोककलेत, तमाशात आयुष्य घालवून थकलेल्या माणसांना तो आधार हवाच. त्यातला एक रुपयाही कमी होऊ नये. पण त्या योजनेत बसायला पन्नाशी ओलांडावी लागते. माझं हे पत्र त्याआधीच्या पंचवीस-तीस वर्षांबद्दल आहे. आमच्याकडे बहुतेकांची चित्रकला संपते ती याच वर्षांत.

शिक्षण संपलं की पोरं घरी येतात आणि पहिला प्रश्न कानावर पडतो, ‘चित्र काढीसन पोट भरस का?’ विचारणाऱ्या आईबापाची काही चूक नाही. कलाशिक्षकाची नोकरी म्हणाल, तर शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीचा पट शंभरावर असेल तरच कलेसाठी निदेशक, तोही अंशकालीन. सातपुड्यातल्या, तापीकाठच्या लहान शाळा त्यात बसतच नाहीत. मग फ्लेक्सचं दुकान, लग्नाचं स्टेज, नाहीतर भिंती रंगवणं.

सातपुड्यातल्या एका पाड्यावरचा पावरा आदिवासी मुलगा माझा विद्यार्थी होता. दिवाळी झाली की घरची सगळी माणसं गुजरातेत ऊसतोडीला जायची. कॅनव्हास परवडत नव्हता म्हणून त्यानं कोपीवरची, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीवरची, जुनी निळी ताडपत्री धुऊन घेतली आणि तिच्यावर चित्र काढलं. रात्री मोळ्या भरायला आलेला ट्रॅक्टर, त्याच्या दिव्यांच्या झोतात उडणारं पाचट, आणि त्यात आईचा फक्त कोयता धरलेला हात. बाकी ताडपत्री त्यानं निळीच ठेवली. पाचटाची धूळ मात्र पांढऱ्या ठिपक्यांनी काढली होती, होळीत अंग रंगवून नाचणाऱ्या बुध्यांच्या अंगावर काढतात तशी, एकाखाली एक, ओळीनं. मी त्या चित्रासमोर बराच वेळ उभी राहिले. एवढ्या वर्षांत मी पाहिलेल्या विद्यार्थ्यांच्या कामात त्याच्या तोडीचं फार थोडं आहे.

एका सरकारी कार्यक्रमातल्या प्रदर्शनासाठी त्यानं ते नेलं. मांडणी करणाऱ्यांनी विचारलं, ‘हे ठीक आहे, पण आदिवासी चित्र कुठंय?’ त्यांना फेर धरून नाचणारी माणसं हवी होती. त्यानं ताडपत्रीची गुंडाळी केली आणि परत आणली. आज तो सुरतेला एका छपाईच्या दुकानात संगणकावर बसतो.

साहेब, हे एका कार्यक्रमापुरतं असतं तर मी लिहिलं नसतं. नंदुरबार जिल्ह्यात फिरताना सरकारी इमारतींच्या कुंपणभिंती पाहा. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा यांच्या मुलखात मला जागोजागी वारली चित्रं दिसतात. वारली कला पालघर-डहाणूची. जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, त्याचा मला अभिमान आहे. पण इथल्या मुलांच्या हातात दुसऱ्या मुलखाचा साचा देऊन ‘हेच काढ’ सांगायचं, हा त्यांच्यावर आणि वारल्यांवरही अन्याय आहे. या मुलांना सरदार सरोवरात बुडालेल्या गावांबद्दल काढायचं आहे, ऊसतोडीबद्दल, मोलगीच्या बाजारात मोबाइल घेऊन फिरणाऱ्या आपल्या मैत्रिणींबद्दल काढायचं आहे. ती आजची माणसं आहेत आणि त्यांची चित्रंही आजची आहेत.

नर्मदेपलीकडे काय घडलं ते आपण जाणताच. भोपाळला १९८२ साली भारत भवन हे कलाकेंद्र उभं राहिलं. तिथले चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांनी गावोगाव माणसं पाठवून कलावंत शोधले, त्यातून गोंड चित्रकार जनगढसिंह श्याम पुढे आले. झाबुआच्या भिल्ल भूरीबाई त्या इमारतीच्या बांधकामावर मजूर होत्या. स्वामिनाथन यांनी त्यांना चित्र काढायला सांगितलं, रंग दिले, कामाचे पैसे दिले. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. झाबुआचे भिल्ल आणि आपल्या नंदुरबारमधल्या अक्राणीचे भिल्ल यांच्यात अंतर ते किती? आपल्या बाजूने कोणी शोधायला गेलं नाही, एवढाच फरक.

दुसरी अडचण भिंतीची आहे. अजिंठ्याची चित्रं पाहायला जगभरची माणसं जळगाव स्टेशनवर उतरतात आणि तिथून साठेक किलोमीटर पुढे जातात. त्याच शहरात जिवंत चित्रकाराला महिनाभर काम मांडायचं तर शाळेचा हॉल सुट्टीत मागावा लागतो. खिळे ठोकायची परवानगी नसते, म्हणून आम्ही चित्रं बाकांवर टेकवून ठेवतो. मुंबईला काम नेणं म्हणजे चौकट उकलायची, कॅनव्हास गुंडाळून पाइपात घालायचा, तिकडे पुन्हा ताणायचा, आणि प्रदर्शन संपलं की सगळं उलट. राज्य कला प्रदर्शनात निवड झाल्याचं कळल्यावर आनंदाआधी भाड्याचा हिशेब करणारी पोरं मी पाहिली आहेत.

चाळीसगावला छायाचित्रकार-चित्रकार केकी मूस यांनी घराबाहेर फारसं न पडता आयुष्यभर काम केलं. १९८९ साली ते गेले, आज त्या घराचं कलादालन आहे आणि आम्ही विद्यार्थ्यांना आवर्जून तिथं नेतो. पण त्यांना स्वतःचं घर होतं. माझ्या विद्यार्थिनींना लग्नानंतर सासरी ईझल उभं करायला कोपराही मिळत नाही. वर्गात सर्वांत चांगला हात मुलींचा असतो आणि तिशीत चित्र काढणाऱ्या बाया मला बोटांवर मोजता येतात.

म्हणून मागते ते असं. खान्देशच्या तीन जिल्ह्यांतून दरवर्षी तीस तरुण कलावंत निवडा, वय २१ ते ३५, आणि दोन वर्षं महिना १५,००० रुपये द्या. योजना पूर्ण सुरू झाली की एका वेळी साठ जण असतील, वर्षाला १ कोटी ८ लाख रुपये लागतील. निम्म्या जागा मुलींना ठेवा. लग्न, बाळंतपण यामुळे कोणाची दोन वर्षं मोडली तर ती पुढे चालू राहावीत. अर्जासोबत वर्तमानपत्राची कात्रणं आणि पुरस्कारांची प्रमाणपत्रं मागू नका. ज्याला कोणी पाहिलंच नाही त्याच्याकडे ती कुठून येणार? निवड समितीनं शहाद्याला, धुळ्याला, जळगावला यावं, मूळ काम समोर ठेवून पाहावं, मुलाला पावरीत किंवा अहिराणीत बोलू द्यावं. समितीत काम करणारे आदिवासी चित्रकार असावेत.

भिंतीसाठी नवी इमारत नको. नाट्यगृहांची दालनं आहेत, जिल्हा ग्रंथालयं आहेत. तिथं चित्र टांगायची पट्टी, तारा, नीट दिवे आणि संध्याकाळी आठपर्यंत दार उघडं ठेवणारा एक माणूस, एवढं जिल्हा नियोजनाच्या पैशातून सहज होईल.

आणि भिंती रंगवून घेता तेव्हा मोबदला थेट रंगवणाऱ्याच्या खात्यात जाऊ द्या. आज चौरस फुटाचा दर ठेकेदाराला मिळतो, त्यातलं उरलंसुरलं पोराच्या हातावर पडतं आणि भिंतीवर नाव लोकप्रतिनिधीचं असतं. चित्राखाली चित्रकाराची सही असावी.

यात एक गाठ आहे, ती आपणच सोडवू शकता. कला संचालनालय उच्च व तंत्र शिक्षण खात्याकडे आहे आणि कलावंत आपल्या खात्याकडे. विद्यार्थी पदविका घेऊन बाहेर पडतो तेव्हा एका खात्याची जबाबदारी संपलेली असते आणि दुसऱ्याची सुरू झालेली नसते. दोन्ही खात्यांची एक बैठक या विषयावर जळगावला घ्या. नंदुरबारहून, धुळ्याहून मुलं आपापली कामं घेऊन येतील, त्यांची जमवाजमव आम्ही कलाशिक्षक करू. फक्त तारीख महिनाभर आधी कळवा, कारण धडगावकडच्या मुलांना मजुरीचे दिवस पाहून निघावं लागतं.

आपली,
जळगाव जिल्ह्यातील एक कलाशिक्षिका