मोठ्यांच्या वर्गाबद्दल, मधूस

लंडन, १४ फेब्रुवारी

प्रिय मधू,

तुझं पत्र पोचलं. चार पानं हातानं लिहायची आणि मग त्यांचे फोटो काढून पाठवायचे, हे उद्योग तूच करू जाणे. तिसऱ्या पानाचा कोपरा फोटोत कापला गेलाय, त्यामुळे काकूंच्या डोळ्याच्या ऑपरेशनचं पुढे काय झालं ते कळलं नाही. ते वेगळं कळव.

आता तुझा प्रश्न. चाळिशी-पन्नाशीच्या बायका कथक शिकायला येतात, तू त्यांना छोट्या मुलींच्या मागच्या रांगेत उभं करतेस आणि दोन-तीन महिन्यांत त्या गळतात. मी शिकते त्या बॅलेच्या शाळेत मात्र आजीपासून नातीपर्यंत सगळ्या कशा टिकतात, ते तुला सविस्तर हवंय. सविस्तर म्हणालीस, आता भोग आपल्या कर्माची फळं!

पहिली गोष्ट म्हणजे इथे सगळे एकत्र नाचत नाहीत. एका छपराखाली येतात, पण पन्नाशीची बाई आठ वर्षांच्या मुलीच्या मागे कधी उभी राहत नाही. मला विचारशील तर सगळी मेख तिथेच आहे.

शाळा म्हणजे काही राजवाडा नव्हे. चर्चच्या आवारातला हॉल आणि वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. लाकडी जमीन, एका भिंतीला आरसे, भिंतीलगत कमरेच्या उंचीवर दांडा आणि कोपऱ्यात जरा उतरलेल्या सुराचा पियानो. शनिवारी सकाळी तीन-चार वर्षांची पिल्लं येतात. ती पाय लांब करून रांगेत बसतात. बाई म्हणाल्या ‘शहाणी बोटं’ की पावलं ताणून पुढे, ‘खट्याळ बोटं’ की पावलं दुमडून वर. अर्धा तास हेच, मग थोडं पळणं आणि उड्या. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं पोरखेळ चाललाय, पण पाऊल कसं ताणायचं हे त्यांच्या अंगात तिथेच मुरतं. त्यानंतर ग्रेडच्या परीक्षा देणारी मुलं, दुपारी मोठ्या मुली. मोठ्या माणसांचे वर्ग आठवड्यातल्या संध्याकाळी, नोकरी सुटल्यावर, आणि आम्हा साठीकडे झुकलेल्यांचा एक वर्ग मंगळवारी सकाळी, जेव्हा हॉल एरवी रिकामाच असतो. (हे शेवटचं नीट वाच. तुझाही हॉल सकाळी रिकामाच असतो.)

वर्ग वेगळे, पण करायचं तेच. दांड्याला धरून आधी प्लिए, म्हणजे गुडघे वाकवणं, मग ताँद्यू, म्हणजे पाऊल सरकवत ताणणं, मग पायानं जमिनीवर अर्धवर्तुळं, आणि असं करत करत शेवटी पाय वर भिरकावणं. अंग तापत जाईल तशी हालचाल मोठी होत जाते. मग दांडा सोडून मध्यभागी यायचं: हात, तोल, गिरक्या, उड्या आणि शेवटी शिक्षिकेला आणि पियानोवाल्याला वाकून नमस्कार. रॉयल बॅलेतली प्रमुख नर्तकीसुद्धा रोज सकाळी प्लिएपासूनच सुरुवात करते.

एक ताँद्यूच घे. पाऊल जमिनीवरून न उचलता पुढे सरकवायचं. आधी टाच सुटते, मग चवडा, शेवटी फक्त बोटांची टोकं टेकलेली राहतात. परत येताना उलटा क्रम. सात वर्षांच्या मुलीकडून बाई एवढंच मागतात. पंधरा वर्षांच्या मुलीला तेच करताना विचारतात, उभ्या पायाची मांडी बाहेर फिरलेली राहिली का, कंबर सरकली का, नजर कुठे होती? आणि आम्हाला विचारतात, श्वास घेताय ना? तुला हे नवीन नाही. तत्कार, म्हणजे आपलं पायांचं मूळ काम, तू पहिल्या दिवशी शिकवतेस आणि विशारदच्या मुलीकडूनही तोच मागतेस. फरक एवढाच की इथे पन्नाशीच्या बाईला तिच्यापुरतं काय मागायचं हे आधीच ठरलेलं असतं.

परीक्षांचं सांगते, म्हणजे तुला घरी आल्यासारखं वाटेल. इथली मोठी संस्था म्हणजे रॉयल अकॅडमी ऑफ डान्स, १९२० साली लंडनमध्येच सुरू झालेली. त्यांच्या प्री-प्रायमरी, प्रायमरी आणि पुढे आठ ग्रेड. प्री-प्रायमरीला किमान वय पाच, पहिल्या ग्रेडला सात, सहाव्या ग्रेडपासून पुढे अकरा. वरची मर्यादा नाही. ज्यांना हेच जास्त गंभीरपणे करायचंय त्यांच्यासाठी बाजूनं दुसरी शिडी, इंटरमीजिएट फाउंडेशनपासून ॲडव्हान्स्डपर्यंत. आपल्या गांधर्वच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमासारखंच सगळं, फक्त परीक्षेच्या खोलीत शिक्षिकेला प्रवेश नाही. तू बाजूला बसून डोळ्यांनी खुणा करतेस, ती सोय इथे नाही! आणि आपल्याकडे दहावीला शास्त्रीय नृत्याचे वाढीव गुण मिळतात म्हणून आया जशा धावतात, तशाच इथल्याही धावतात. सहाव्या ग्रेडपासून पुढच्या परीक्षांचे गुण विद्यापीठाच्या प्रवेशात धरले जातात. पालक इथूनतिथून सारखेच.

तुझ्या पार्ल्याच्या भाचीनं व्हिडिओ बघून पॉइंट शूज, म्हणजे बोटांच्या टोकावर उभं राहायचे बूट, ऑनलाइन मागवायचा हट्ट धरलाय ना? मागवू देऊ नकोस. हे मी गमतीनं लिहीत नाहीये. त्या बुटाच्या टोकाला कापडाचे थर सरसानं चिकटवून कडक केलेला डबा असतो, त्यात बोटं आवळून बसतात आणि सगळं वजन त्या इवल्या सपाट टोकावर येतं. नऊ-दहा वर्षांच्या मुलीच्या पावलातली हाडं अजून पुरती घट्ट झालेली नसतात. चांगल्या शाळेत साधारण अकरा-बारानंतर, तेही काही वर्षं नियमित शिकलेल्या मुलीलाच परवानगी मिळते. बाई आधी तिला एका पायाच्या चवड्यावर पुन्हापुन्हा चढायला लावतात आणि घोटा कुठे डगमगतो का ते खाली बसून बघतात. डगमगला तर पुढच्या वर्षी. परवानगी मिळाली तरी दुकानात जाऊन, पाऊल मापून, उभं राहून बूट निवडायचा, आणि सुरुवातीला दोन्ही हातांनी दांडा धरून मोजकी मिनिटं. भाचीला सांग, मुंबईत बॅले नवीन नाही. तुशना डॅलस यांनी १९६६ मध्येच तिथे शाळा काढली होती. आधी समोर उभं राहून शिकवणारं माणूस शोध म्हणावं, बुटाचं मग बघू.

बुटावरून आठवलं. गुलाबी सॅटिन हा रंग कोणाच्या पायाशी जुळावा म्हणून ठरला असेल, सांग बघू? पायाची रेघ कमरेपासून बोटापर्यंत अखंड दिसावी हा हेतू, पण गोऱ्या पायाची. सावळ्या-काळ्या नर्तकी वर्षानुवर्षं बुटाला चेहऱ्याचं फाउंडेशन फासून रंग जुळवत आल्या. २०१८ मध्ये फ्रीड या इथल्या जुन्या कंपनीनं बॅले ब्लॅक या कृष्णवर्णीय आणि आशियाई नर्तकांच्या मंडळीबरोबर तपकिरी छटांचे पॉइंट शूज काढले, तेव्हा कुठे दुकानात तसा बूट मिळू लागला. मी स्वतः पॉइंटच्या वाटेला जाणार नाही, पण माझ्या कातडीच्या रंगाच्या टाइट्स घालते आणि बाईंनी त्यावर कधी भुवईसुद्धा उचलली नाही.

ज्यांना यातच करिअर करायचंय त्यांचं जग निराळं. रॉयल बॅले स्कूलची लहान मुलांची शाळा रिचमंड पार्कमध्ये व्हाइट लॉजला आहे. राजाच्या शिकारीसाठी बांधलेली वास्तू, बाहेर अजूनही हरणं चरत असतात. अकराव्या वर्षी निवड, तिथेच राहायचं, सकाळी नाच आणि मग गणित-इतिहास. सोळानंतरची मुलं कॉव्हेंट गार्डनला, ऑपेरा हाउसच्या शेजारी. दोन इमारतींना जोडणारा पिळदार पूल रस्त्यावरून दिसतो. खालून जाताना मी दर वेळी मान वर करते. मुलं शाळेतून रंगमंचाकडे जातात ती त्या पुलावरून. फार थोडी जातात. अशा पूर्णवेळ शाळांमध्ये अकरा वर्षांच्या मुलाला शरीराची ठेवण बघून घेतात आणि पुढे ती ठेवण बदलली म्हणून सोडायलाही लावतात. मला हे पटत नाही. खरं सांगू, माझी लेक त्या वाटेला गेली नाही याचं मला बरंच वाटतं.

पण नियमाला धक्का देणारी माणसंही असतात. मुंबईत येहुदा माओर या इस्रायली-अमेरिकन गुरूंनी दोन मुलं घडवली, अमिरुद्दीन शाह आणि मनीष चौहान. एकाचे वडील वेल्डर, दुसऱ्याचे टॅक्सी चालवणारे. दोघांनीही बॅले सुरू केलं ते इथल्या हिशेबानं फारच उशिरा. अमिरुद्दीनला २०१७ मध्ये रॉयल बॅले स्कूलनं घेतलं. आमच्या वर्गात मी हे सांगितलं तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या निवृत्त बसचालकानं टाळी दिली, टॅक्सीवाल्याच्या मुलाला म्हणून!

आता मंगळवारचा वर्ग. अकॅडमीनं २०१७ मध्ये पंचावन्नच्या पुढच्या लोकांसाठी ‘सिल्व्हर स्वान्स’ नावानं असे वर्ग सुरू केले आणि त्यासाठी शिक्षकांना वेगळं प्रशिक्षण दिलं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मुलांना छान शिकवणारी बाई साठीच्या माणसांना छान शिकवेलच असं नाही. आमच्यात बसचालक आहेत, एक नर्स आहे, लहानपणी बॅले अर्धवट सुटलेल्या दोघी आहेत आणि एक बाई नितंबाचा सांधा बदलून आलेली. पहिल्याच दिवशी बाईंनी प्रत्येकाला एकेकटं विचारून घेतलं, काय दुखतं, काय बदललंय, कोणत्या गोळ्या चालू आहेत. मांडी बाहेर फिरवायची ती खुब्यातून आणि जेवढी फिरेल तेवढीच. पाऊल जबरदस्तीनं बाहेर वळवलं की मार गुडघ्याला बसतो. खोल प्लिए नाही. उड्यांऐवजी चवड्यावर चढणं-उतरणं, तेही दांडा धरून. मात्र हात, मान, नजर आणि ताल यांत काडीची सूट नाही. ‘गुडघे म्हातारे असतील, कान नाहीत,’ असं बाई सुनावतात. पियानोवर तीन मात्रांचं वजन सुरू झालं की मी मनात दादरा ताल धरते आणि माझी सम चुकत नाही, एवढ्यावर मी वर्गात भाव खाऊन आहे.

बाकी कथकनं मला मदतही केली आणि छळलंही. गिरकी घेताना नजर समोर एका बिंदूवर टिकवायची, मान शेवटी झटकन आणायची, हे आपल्या कथकच्या बाईंनी इतकं घोटून घेतलंय की ते आयतंच आलं. पण आपण चक्कर टाचेवर घेतो आणि इथे चवड्यावर. पाय आपला टाच शोधत जातो. पावलाचंही तसंच. आपल्याला जमिनीनं उत्तर दिलं पाहिजे, तळवा सणसणीत वाजला पाहिजे. इथे उडी मारून उतरताना आवाज आला की बाई नुसत्या बघतात. मजा म्हणजे दोन्ही कला दरबारातच वाढल्या. चौदावा लुई स्वतः नाचायचा आणि त्यानं १६६१ मध्ये नृत्याची अकादमी काढली. आपला लखनौचा नवाब वाजिद अली शाहही रहसमध्ये, म्हणजे दरबारातल्या रासनाट्यात, कृष्ण होऊन नाचायचा. राजे गेले, आणि त्यांचा नाच आता मंगळवारी सकाळी निवृत्त बसचालक करतात. लखनौला हे कळलं तर काय म्हणतील?

तर तू काय करावंस? बायकांचा वर्ग वेगळा काढ, सकाळी अकराचा. घरची कामं उरकलेली असतात आणि शाळेतून नातवंडं यायची असतात. छोट्यांच्या वर्गात तू ‘अगं, हात कुठे चाललाय’ म्हणून ओरडतेस ते इथे बंद. पण लाडही नकोत. ‘तुमच्या वयाला छान हं’ असं एकदा म्हणालीस की संपलं, त्यांना लगेच कळतं की आपल्याला कोणी मोजत नाहीये. पहिले काही महिने घुंगरू बांधू नकोस. फरशीवर तर अजिबात नाचवू नकोस, खाली लाकूड हवंच, नाहीतर पन्नाशीचे गुडघे तुझ्या नावानं बोटं मोडतील. परीक्षा ज्यांना द्यायचीय त्यांना देऊ दे, सक्ती नको. आमच्यातल्या एकीनं त्रेसष्टाव्या वर्षी ग्रेडची परीक्षा दिली, कपड्यावर पुढे-मागे नंबर लावून, आणि निकालाचा कागद तिनं नवऱ्याच्या फोटोशेजारी लावलाय. बाकीच्यांना त्यात रस नव्हता, त्यांना कोणी हिणवलं नाही.

आणि छोट्यांच्या वार्षिक कार्यक्रमात या बायकांना शेवटी ‘एक गंमत’ म्हणून चिकटवू नकोस. आमच्या शाळेत मागे तसं झालं होतं. प्रेक्षक कौतुकानं हसले आणि आमच्यातल्या तिघी पुन्हा आल्या नाहीत. आता मोठ्यांचा कार्यक्रम वेगळा होतो, छोट्या हॉलमध्ये, बघायला फक्त घरची माणसं.

फी छोट्यांइतकीच ठेव, कमी नको. फुकटात आलेल्या बायका पावसाळ्यात येत नाहीत, हे तुला मी सांगायला नको. आणि पहिल्या महिन्यात किती जणी आल्या हे मला लिहू नकोस, त्या येतीलच. चौथ्या महिन्यात किती उरल्या ते लिही.

तुझी,
शुभा