माझ्या नावाची सव्वा मूठ

जळगाव,
२० डिसेंबर २०२५

तीर्थरूप आप्पा आणि माय यांस
साष्टांग नमस्कार.

फोनवर आप्पांना ऐकू कमी येतं, आणि माय तू दोन वाक्यांत "जेवना का?" वर येतेस. म्हणून लिहितोय. दादाची पोर वाचून दाखवेल. (बाई गं, घाईघाईनं वाचू नको. आणि कुठं तुझ्या काकाची फजिती आली तर तेवढं जरा मोठ्यानं वाच.)

आप्पा, मागच्या आठवड्यात तुम्ही विचारलंत, "हाई सरकार तुले काही करी का रे?" मी "काही नाही हो" म्हटलं आणि विहिरीवरच्या स्टार्टरचा विषय काढला. तुम्ही नुसतं "हं" केलंत. त्या "हं" वरून कळलं की तुमचं समाधान झालेलं नाही. तर नीट सांगतो.

आमच्यासारख्या ट्रान्स माणसांच्या बाबतीत सुप्रीम कोर्टानं १५ एप्रिल २०१४ ला निकाल दिला. माणूस बाई, पुरुष की तिसरा, हे त्याचं त्यानं ठरवायचं, त्यासाठी अंगावर चाकू चालवून घ्यायची सक्ती नाही, असं कोर्ट म्हणालं. मग २०१९ चा कायदा आला. त्यात अर्ज जिल्हाधिकाऱ्याकडे करायचा आणि त्यांच्या सहीचं ओळखपत्र घ्यायचं. ते माझ्याकडे आहे, तुम्ही बघितलंय. पण कागदावर सरळ 'पुरुष' लिहून घ्यायचं तर ऑपरेशन झाल्याचा दवाखान्याचा दाखला लागतो. कोर्टानं एका हातानं दिलं, त्यातलं थोडं कायद्यानं काढून घेतलं. आणखी एक गोष्ट माय ऐकायची नाही, पण लिहितो. बाईवर बलात्कार केला तर कमीत कमी दहा वर्षं. आमच्यावर कुणी तेच केलं, तर आमच्या कायद्यात जास्तीत जास्त दोन. हे वाचलं त्या रात्री मी दुकानाच्या शटरला आतून दुसरं कुलूप लावलं होतं.

बाकी भीती फोनमधून येते. अमेरिकेत यंदा २० जानेवारीला ट्रम्प खुर्चीवर बसले आणि पहिल्याच दिवशी सही केली की सरकारदरबारी दोनच लिंगं, तीही जन्माच्या वेळची. तिथल्या लोकांच्या पासपोर्टवर त्याचा परिणाम झाला, आणि नोव्हेंबरात त्यांच्या सुप्रीम कोर्टानंही तूर्त ते चालू द्यायला मुभा दिली. आता माझा पासपोर्टही नाही आणि मला अमेरिकेला जायचंही नाही. मला जायचं असतं ते फार तर भुसावळला, तांब्याची तार आणायला. तरी त्या दिवशी आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहाटेपर्यंत कुणी झोपलं नाही. एका सहीनं मिळालेलं दुसऱ्या सहीनं जातं, हे जळगावात बसूनही कळतं.

आता जवळची गोष्ट. सुरतेहून ताईचा फोन तुम्हालाही आला असेल. तिकडे मतदार यादीची कसून तपासणी चालू आहे. २००२ च्या यादीत नाव दाखवा, नाहीतर आई-बापाचं दाखवा, असं आहे. ताई तेव्हा शाळेत होती, त्यामुळे तिनं आप्पांच्या नावाचं पान मागवलं. रावेरच्या पलीकडे बऱ्हाणपूरलाही तेच चालू आहे. आपल्याकडे अजून आलेलं नाही, पण येईल असं सगळे धरून चालले आहेत. मग माझं काय होईल? शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, ओळखपत्रावर तिसरा रकाना. पण आप्पा, माझ्याकडे निदान तुमचं नाव तरी आहे. इथं तृतीयपंथीयांच्या डेऱ्यावर राहणाऱ्या कितीतरी जणी बारा-तेरा वर्षांच्या असताना घरातून हाकलल्या गेल्या. त्यांना विचारलं, 'बापाचं नाव यादीत दाखवा', तर त्या कुणाच्या दारात जाणार? ज्या बापानं काठी उगारली त्याच्याच?

म्हणून माय, ती लोखंडी पेटी आवरायला काढशील तेव्हा माझा शाळेचा दाखला, जुनी मार्कशीट, जन्माची नोंद यातलं काहीही चुलीत घालू नको. तुला ते नाव बघवत नाही हे मला माहीत आहे. मलाही बघवत नाही. पण आज जे नाव आहे, ते त्या नावाच्या कागदावर उभं आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेव.

आप्पा, एक गंमत सुचली. आपल्या घरात सध्या सगळेच दिल्ली-मुंबईच्या कागदाला भिऊन आहेत. सरकारनं ऑगस्टात बाहेरच्या कापसावरचं आयात शुल्क काढलं, ते ३१ डिसेंबरपर्यंत. इकडे आपला कापूस घरात. हमीभाव लांब धाग्याला ८,११० रुपये, पण सरकारी खरेदीला, सीसीआयला घालायचा तर आधी मोबाईलवर 'कपास किसान' मध्ये नोंदणी, मग स्लॉट, मग ओलावा जास्त म्हणून कट्टी. आणि दारावर आलेला व्यापारी वाट्टेल त्या भावानं मागतो. मायला लाडक्या बहिणीची ई-केवायसी. तिला वाटतं, अंगठा उमटला नाही तर दीड हजार बंद. मला माझं ओळखपत्र. तुम्ही जन्मभर दिल्लीच्या लहरीवर कपाशी लावली. एक वर्षही मी तुम्हाला "यंदा कायदा काय होतोय बघू, मग पेरू" असं म्हणताना ऐकलं नाही. मृगाचा पाऊस झाला की तुम्ही तिफण काढायचात. मी ते शेतात नाही शिकलो, शेतातून तर पळूनच आलो. पण हल्ली सकाळी शटर वर करताना मला ती तिफण आठवते.

माझ्या दिवसाचं सांगतो, म्हणजे तुम्हाला चित्र दिसेल.

परवा यावलकडचा एक शेतकरी साडेसात एच.पी.ची सबमर्सिबल छोटा हत्ती टेम्पोत घालून आला. केळी निसवायला लागलेली, बागेला पाणी नाही. रात्रीच्या लाइटीत व्होल्टेज पडलं आणि वाइंडिंग जळालं. शेठ लग्नाला गेलेले, दुकानात मी एकटा. मोटार खोलली, जळकी तार उपटली, खाचा घासून साफ केल्या. मग वेढे मोजत नवी तार भरायला बसलो. या कामात बोलता येत नाही, मोजणी चुकली की पुन्हा पहिल्यापासून. तो बिचारा पोत्यावर बसून माझ्या बोटांकडे बघत होता. तेवढ्यात शेजारच्या गाळ्यातला एक आगाऊ त्याच्याजवळ येऊन कुजबुजला, "हा मूळचा कोण आहे माहीत आहे का?" मला सगळं ऐकू येत होतं, पण मी एकशे चारवर होतो, मान वर केली नाही. शेतकरी म्हणाला, "त्यांना मोजू द्या हो." बस, एवढंच. संध्याकाळी मेगर लावलं, इन्सुलेशन चोख आलं. निघताना त्यानं नंबर मागितला. मी बघितलं, फोनमध्ये 'मोटारवाले भाऊ जळगाव' असं सेव्ह केलं. काल त्याचा फोन आला, पाणी चालू आहे म्हणाला.

सगळे असे नाहीत. आधीच्या खोलीच्या मालकानं माझं ओळखपत्र बघितल्यावर महिन्याभरात खोली खाली करायला लावली. एका सरकारी कचेरीत कारकुनानं माझा अर्ज हातात घेऊन बाकीच्यांना दाखवला आणि सगळे हसले. पण मी किल्ला लढवत नाही आप्पा. मी मोटारी भरतो आणि घरी येऊन खिचडी लावतो. इंजेक्शन वेळच्या वेळी घेतो, रक्त तपासतो, डॉक्टर म्हणतात ठीक आहे. माय, तू विचारायच्या आधीच सांगितलं.

आता फजिती. (वाच मोठ्यानं.) गेल्या महिन्यात अमळनेरहून एसटीनं येत होतो. २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट आहे. कंडक्टरनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि काहीही न विचारता पूर्ण तिकीट फाडून हातात दिलं. शेजारची म्हातारी अर्ध्यात बसली होती. मी पूर्ण पैसे दिले आणि जळगावपर्यंत एकटाच हसत आलो. दादा म्हणेल, लाडक्या बहिणीचे दीड हजारही गेले आणि एसटीचं अर्धंही गेलं, हा पोरगा फार महागात पडला. पडू दे.

आणि माय, श्रावणातलं ते मी तुला समोर बोललो नाही, कारण तेव्हा बोलता आलं नसतं. कानबाईच्या सणाला रोटांचा गहू काढायला तू बसली होतीस. सूप पुढ्यात, भाऊबंदांच्या बाया भोवती. आपल्या घरात रीत आहे, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. तू आप्पांची घेतलीस, दादाची घेतलीस, दादाच्या पोराची घेतलीस. मी उंबऱ्यात उभा होतो, चप्पल घालून, कारण त्यानंतर काय होईल ते बघायचं नव्हतं. बाहेर जायला वळलो आणि तुझा आवाज आला, "हाई मूठ मना धाकला आंडोरना नावनी." मुलगा म्हणालीस, आणि मी स्वतःला ठेवलेलं नाव घेतलंस. पूर्ण, न अडखळता. काकू तुझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. तू मूठ सुपात सोडलीस, वरचा पाव भाग चिमटीनं मोजून टाकलास, आणि म्हणालीस, "काय देखी ऱ्हायन्यात, दाळ आना." त्या गव्हाचे रोट दुसऱ्या दिवशी मी गंगाफळाच्या भाजीबरोबर खाल्ले. जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचं कार्ड मी पाकिटात ठेवतो, ते लागतं. पण ते मिळालं त्या दिवशी मी रडलो नव्हतो.

आप्पा, तुम्ही म्हणता या लोकांचं राजकारणात कोण आहे? आहेत. जळगावच्या दारातलं भादली घ्या. तिथं अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीला महिला राखीव जागेवर अर्ज भरला, तो बाद झाला. त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, जानेवारी २०२१ मध्ये कोर्टानं त्यांना उभं राहू दिलं, आणि गावानं निवडून दिलं. गेल्या वर्षी रावेरला शमिभा पाटील यांना वंचितनं विधानसभेची उमेदवारी दिली. आणि यंदा १७ ऑक्टोबरला सुप्रीम कोर्टानं एका ट्रान्स शिक्षिकेला भरपाई द्यायला लावली. ती ट्रान्स आहे म्हणून दोन शाळांतली नोकरी गेली, असं तिचं म्हणणं होतं. कामाच्या ठिकाणचे नियम नीट व्हावेत म्हणून कोर्टानं निवृत्त न्यायमूर्ती आशा मेनन यांची समितीही नेमली. टीव्हीवर या गोष्टी दाखवत नाहीत, म्हणून लिहिलं. भादलीचं मात्र तुम्ही कुणालाही विचारू शकता. आपल्या मावसभावाची सोयरीकच तिकडे आहे.

१५ जानेवारीला इथं महापालिकेचं मतदान आहे. मी पुरुषांच्या रांगेत उभा राहणार. मागच्या वेळी टेबलावरच्या बाईंनी कार्ड बघितलं, मला बघितलं, परत कार्ड बघितलं, आणि शाई लावली. यंदा पोटात गोळा येणार हे नक्की. शेठ म्हणालेत, "आपण दोघं बरोबरच जाऊ, मलाही एकट्याला कंटाळा येतो." शेठला कंटाळा कशाचाच येत नाही, दिवसभर बोलत असतात. मला कळलं, मी काही म्हटलं नाही.

कामाचं. माय, ई-केवायसीची मुदत ३१ डिसेंबर आहे. दादाच्या पोरीला घेऊन बस, आप्पांचं आधार लागेल. ओटीपी आला की कुणालाही सांगू नको, गावातल्या सेंटरवाल्यालाही पोरीसमोरच सांग. आप्पा, स्लॉट मिळेपर्यंत कापूस व्यापाऱ्याला घालू नका. पैशांची अडचण असेल तर मी पाठवतो, आधी दादाला सांगून तोंड आंबट करू नका. विहिरीवरच्या स्टार्टरचा कॅपॅसिटर मी बांधून ठेवलाय.

तो घ्यायला तुम्हीच या. आप्पा पासष्टच्या पुढे, माय बाई, दोघांनाही अर्धंच तिकीट. बामणोदची वांगी बाजारात आली आहेत, हिरवी, हाताएवढी. दुकानामागच्या मोकळ्या जागेत भरीत करू. पऱ्हाट्या मात्र गावाकडून आणा, इथं गॅसवर भाजलेल्याला चव नाही. कळण्याचं पीठही आण माय. आणि शेठच्या बायकोला तुझी ठेचलेली मिरची हवी आहे, तिनं तीनदा आठवण केली.

सकाळची गाडी धरा, दुपारची फार भरते.

तुमचा
धाकला