आईच्या दुखण्याबद्दल

नागपूर, १२ जानेवारी २०२५

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू आईला म्हणालास, "रिपोर्ट नॉर्मल आहेत ना, मग मनावर घेऊ नकोस." ती "हो रे" म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. कुकरचं झाकण तिला लागत नव्हतं, मी लावून दिलं. तुला दोष देत नाही. दिवाळीत मीही तिला "किती कण्हतेस" असं बोललो होतो, त्याचं मला फार वाईट वाटतं. तेव्हापासून वाचतो आहे, डॉक्टरांना विचारतो आहे.

भाद्रपदात तिला चिकुनगुन्या झाला, ताप चार दिवसांत उतरला. विषाणू रक्तातून गेला तरी काही जणांच्या सांध्यांत गोळा झालेल्या रोगप्रतिकारक पेशी महिनोन्‌महिने शांत होत नाहीत. त्या जी रसायनं सोडतात, त्यांनी सूज तर येतेच, पण ती थेट मज्जातंतूंच्या टोकांवरही काम करतात.

कोमट पाण्यात हात घातला की भाजतं, असं ती म्हणायची. मला ते खरं वाटत नव्हतं. पण भिवापुरी मिरची कुटताना हाताची आग होते ना, ती मिरची आणि भाजणारी उष्णता मज्जातंतूवरचं एकच दार उघडतात. ते दार शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं १९९७ मध्ये ओळखलं. २०२१ च्या नोबेलमागे हे काम होतं. एरवी ते ४३ अंशांच्या आसपास उघडतं. सुजेतली रसायनं ही मर्यादा खाली आणतात, मग कोमट पाणीही पुरतं. म्हणजे आई जे सांगत होती, ते अक्षरशः तसंच होतं.

शिवाय हे एकतर्फी नाही. चाळवलेला मज्जातंतू स्वतःही रसायनं सोडतो, रक्तवाहिन्या रुंदावतात, आणखी प्रतिकारक पेशी तिथे येतात. दोघं एकमेकांना उठवत बसतात.

पाठीच्या कण्यातही बदल होतो. दुखापतीनंतर मज्जारज्जूच जास्त संवेदनशील होतो, हे शास्त्रज्ञ क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ मध्ये दाखवलं. तिथल्या मायक्रोग्लिया नावाच्या प्रतिकारक पेशी ही संवेदना वाढवतात, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. यातलं काहीही रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत किंवा एक्स-रेत उमटत नाही. रिपोर्ट खोटा नाही बाळा, पण त्याला हे विचारलेलंच नसतं.

झोप मोडली की दुखणं वाढतं, म्हणून रात्री उशिरा फोन करू नकोस. फिजिओथेरपिस्टनं हळूहळू हालचाल सांगितली आहे. रोज संध्याकाळी आम्ही फुटाळा तलावावर जातो. परवा ती तलावाच्या बांधापर्यंत न थांबता चालली, मग दहा मिनिटं बसलो.

रविवारी बोलशील तेव्हा रिपोर्टचं काढू नकोस. सकाळी बोटं मिटायला किती वेळ लागला, एवढं तिला विचार. आणि ती सांगेल तेवढं ऐकून घे.

तुझे
बाबा