विषय: बॅलन्स न करता पाठवलेलं लाइटवेट फ्लायव्हील आणि तुमच्या सपोर्टची उत्तरं

आत्ता तुमच्या सपोर्टला केलेला पाचवा फोन ठेवला आणि लगेच लिहायला बसलोय, भाषा कडक वाटली तर वाटू दे.

तुमचं अल्युमिनियमचं फ्लायव्हील (इंजिनच्या क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला बसणारी चकती) घेतलं, 5.1 किलोचं. मूळचं ड्युअल मास, म्हणजे मध्ये स्प्रिंगा असलेलं दोन भागांचं फ्लायव्हील, 12 किलोच्या आसपास होतं. वजनाबद्दल काहीच तक्रार नाही, तक्रार व्हायब्रेशनची आहे. 3000 आरपीएमच्या वर गेलं की गिअर लिव्हर धरवत नाही, 5000 ला पेडलवरचा पाय बधिर होतो, आणि हे सगळं गाडी जागेवर उभी, न्यूट्रलमध्ये, क्लच पूर्ण दाबलेला असताना. म्हणजे गिअरबॉक्स, शाफ्ट, चाकं सगळं बाद. क्रँकबरोबर फिरणारं तेवढंच उरतं, त्यात क्लच कव्हर जुनंच आहे, नवीन फक्त तुमचं फ्लायव्हील.

ड्युअल मास काढल्यावर आयडलला गिअरबॉक्स खडखडतो ते मला माहितीये, त्यातल्या स्प्रिंगांचं डँपिंग जातं म्हणून गिअर वाजतात, क्लच दाबला की आवाज थांबतो. ते मान्य करूनच घेतलं होतं. हे ते नाही, आणि हे चार फोनवर चार जणांना सांगून झालंय.

पाचव्या फोनवर तुमचा माणूस म्हणतो, "सर, टायर बॅलन्सिंग करून घ्या." मी म्हटलं, गाडी उभी आहे. तो म्हणाला, "हो सर, पण टायर चेक केलेत का?" मी परत सांगितलं, गाडी उभी आहे, चाक फिरतच नाहीये. जरा वेळ शांतता, मग "प्रोपेलर शाफ्ट बघून घ्या." अहो, गिअरबॉक्सपासून चाकांकडे जोर नेणारा प्रोपेलर शाफ्ट न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीत फिरतो का? आणि मग वर मलाच विचारतो, "पहिल्यांदाच लावताय का लाइटवेट?" दहा वर्षं स्वतःच्या हातानं गिअरबॉक्स उतरवतोय मी. इतका अपमान वाटला की दोन मिनिटं बोलताच येईना.

शेवटी गिअरबॉक्स परत उतरवून फ्लायव्हील बॅलन्सिंग मशीनवर चढवलं. 300 ग्रॅम-मिलिमीटर अनबॅलन्स निघाला, म्हणजे मध्यापासून 100 मिलिमीटरवर 3 ग्रॅम जास्तीचं वजन असल्यासारखं. 6500 आरपीएमला जी 2.5 या बॅलन्सिंगच्या ग्रेडप्रमाणे एवढ्या वजनाला साधारण 19 चालतो. 300 म्हणजे त्या स्पीडला जवळजवळ 14 किलोचा जोर क्रँकच्या मागच्या बेअरिंगवर गोल फिरत राहणार, आणि स्पीड दुप्पट झाला की जोर चौपट, हे तुम्हाला मी सांगायला नको. मागच्या बाजूला बॅलन्सिंगसाठी ड्रिल केल्याची एक खूणही नाही. सोबतच्या सर्टिफिकेटवर आकडा नाही, नुसतं ओके, आणि त्यावरचा सिरियल नंबर रिमवर ठोकलेल्या नंबरशी जुळतच नाही! कुठल्या तरी दुसऱ्याच फ्लायव्हीलचा कागद माझ्या खोक्यात टाकलाय.

यावर उत्तर काय, तर मॉडिफाय गाडीला वॉरंटी नाही. तुमचं हे प्रॉडक्ट मॉडिफाय न केलेल्या गाडीत जातं तरी कुठे? वॉरंटी नाकारायला दुसरं कारण सापडलं नाही का?

वाईट याचं वाटतं की आधी तुमचाच कार्बनचा सिंगल पीस प्रोपेलर शाफ्ट घेतला होता, त्याचा बॅलन्सचा कागद आकड्यांसकट आला होता आणि आजही तो मख्खन चालतोय. त्या भरवशावरच हे मागवलं, मित्रांनाही तुमचंच घ्यायला सांगितलं. आता त्यांना काय सांगू?

मला पूर्ण पैसे परत हवेत, दोनदा गिअरबॉक्स उतरवल्याचा खर्च आणि माझ्या इंजिनला एकदाच वापरता येतात त्या फ्लायव्हील बोल्टच्या दोन सेटचे पैसेसुद्धा. बदली पीस नको. मशीनचा रिपोर्ट आणि दोन्ही सिरियल नंबरांचे फोटो जोडलेत. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर हेच कागद वकिलाकडे जातील. आणि हो, परत टायर चेक करायला सांगू नका.

फ्लायव्हील खोक्यात पॅक करून ठेवलंय. घ्यायला कधी येताय ते लेखी कळवा, फोन नको.