आखाजीला येताना राउटर घेऊन येते

पुणे,
रविवार सकाळ

तीर्थरूप आई आणि बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हे सगळं सांगायला घेतलं की मध्येच आवाज तुटतो, बाबा "हॅलो हॅलो" करत ओट्यावर जातात आणि मुद्दा राहून जातो. म्हणून लिहूनच पाठवते.

माघातली ती रात्र माझ्या डोक्यातून जात नाही. आई, तू फोन केलास, "अगं, ह्यांना गरगरतंय" एवढंच बोललीस आणि फोन बंद. परत लागेचना. शेजारच्या काकांचा निरोप येईपर्यंत अकरा मिनिटं गेली. पित्तच होतं, सकाळपर्यंत बाबांना बरं वाटलं. पण मी ती अकरा मिनिटं फोन हातात धरून उभी होते. नंतर कळलं, बोलता बोलता लाइट गेली होती. आपल्या घरात मोबाइलला रेंज नाही, तुमचे फोन वाय-फायवरूनच लागतात. लाइट गेली की राउटर बंद, आणि फोनही मुका.

बाबा, तुम्ही यावर उपाय म्हणून नेटचा महिन्याचा प्लॅन वाढवलात. तो खुशाल कमी करा. एका व्हिडिओ कॉलला ३-४ एमबीपीएस एवढा नेटचा वेग पुरतो, तुमच्याकडे आधीच त्याच्या दसपट होता. दोष प्लॅनचा नाही. राउटरचा डबा चुकीच्या जागी आहे आणि आपल्या भिंती दीड हात जाड आहेत.

गेल्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, मी फोन घेऊन घरभर फिरले होते, आठवतंय? ओसरीत सगळ्या रेघा भरलेल्या, माजघरात दोन, स्वयंपाकघरात एकही नाही. वायर जिथवर पुरली तिथे, लोखंडी कपाटावर, नेट जोडायला आलेल्या माणसाने डबा ठेवून दिला. वर तापलेले पत्रे. त्यावर, आई, तू धूळ बसू नये म्हणून विणलेला रुमाल घातलेलास. मी तो उचलला तर खालचं प्लास्टिक तव्यासारखं तापलेलं, बोट टेकवेना. बहुतेक घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात ० ते ४० अंशांपर्यंतच चालवा असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे भुसावळ-जळगावला मे महिन्यात सावलीतच ४५ अंश होतात, मग पत्र्याखालच्या डब्याचं काय होत असेल! दुपारी तीनला नेट जायचं आणि रात्री हवा गार झाली की यायचं, त्याचं कारण मला तरी तेच वाटतं. रुमाल आजच काढ. धूळ कोरड्या फडक्याने पुसली तरी चालेल.

आता नवीन राउटरचं. दुकानदाराने बाबांना सहा अँटेनांचा, गेम खेळणाऱ्या पोरांसाठी असतो तसला महागडा दाखवला होता. तो घेऊ नका. किती ताकदीने लहरी सोडायच्या याला सरकारी मर्यादा असते, अँटेना वाढवल्या म्हणून मातीची भिंत पार होत नाही. शिवाय लहरी दोन जातीच्या. लग्नाच्या वरातीत दार लावलं तरी ढोल घरात घुमतो, सनई मात्र बाहेरच राहते ना, तसंच हे. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीवर नेट जरा मंद, पण ती भिंतीतून बरीच येते. ५ गिगाहर्ट्झवर नेट वेगवान, पण ती लहर भिंतीपाशी दमते. म्हणून दोन्ही देणारा, ड्युअल बँड, घ्यायचा. वाय-फाय ६ चा साधा राउटर आपल्याला पुष्कळ झाला. ७ आलंय, पण तुमचे फोन त्याचा उपयोग करू शकणार नाहीत, मग पैसे कशाला घालवायचे? मी दोन गोष्टी मात्र बघूनच घेईन: मागची वायरीची भोकं गिगाबिटची, म्हणजे वेगवान, हवीत, आणि त्या कंपनीचे सॉफ्टवेअर अपडेट पुढची काही वर्षं येत राहायला हवेत. तुमची पेन्शन, बँक, सगळं आता त्या डब्यातूनच जातं.

माझ्या मनात असं आहे. ओसरीतला डबा कपाटावरून काढून पंख्याखालच्या फळीवर ठेवायचा. तिथून छताच्या लाकडी कड्यांच्या कडेने शुद्ध तांब्याची, नेटसाठीची कॅट ६ वायर माजघरात न्यायची आणि स्वयंपाकघराच्या दाराशेजारच्या कोनाड्यात नवा राउटर. मातीच्या धाब्याच्या छताखाली भर दुपारीही गारवा असतो, त्याला ती जागा मानवेल. दोन्हींना एकच नाव, एकच पासवर्ड, म्हणजे फिरताना तुम्हाला काही बदलावं लागणार नाही. वायर शंभर मीटरपर्यंत चालते, आपलं घर त्यात कधीच मावतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, दोघांनाही बॅटरी. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, चांगला असला तर तीनेक तास निभावतो. नुसत्या नव्या राउटरला लावून भागत नाही. ओसरीतला फायबरचा डबा बंद पडला तर आतला चालू राहून काय उपयोग? मी येईपर्यंत स्वतः कुठला यूपीएस आणू नका. ९ व्होल्टच्या यंत्राला १२ व्होल्ट दिले तर ते जळू शकतं.

बाबा, तुम्ही ओट्यावर अभ्यासाला बसणाऱ्या पोरांना पासवर्ड देता. देत राहा, मला ते आवडतं. फक्त त्यांच्यासाठी पाहुण्यांचं वेगळं नेटवर्क करून देईन. घरचा पासवर्ड घरात.

आखाजीच्या दोन दिवस आधी पोचते. झोका बांधायच्या आधी वायर टाकून घेऊ. आई, सांजोऱ्या मी आल्यावरच कर, एकटी चुलीपाशी बसू नकोस.

बाबा, माझ्यासाठी दोन कामं करा. ओसरीतल्या डब्याच्या अडॅप्टरवरच्या बारीक अक्षरांचा फोटो पाठवा. आणि पंख्याखालच्या फळीपासून कोनाड्यापर्यंत, कड्यांच्या कडेने, शेजारच्या काकांच्या पोराकडून सुतळी लावून घ्या. तुम्ही स्टुलावर चढू नका. जिथे संपेल तिथे सुतळीला गाठ मारा आणि मोजून लांबी कळवा, तेवढी वायर घेऊन येते.

तुमची,
छोटी